उजवीकडचा खालचा कोपरा

"काका, यात माझं कुठं दिसत नाही."

मी शिडीवर होतो. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात खडू. खाली बघितलं तर वनस्पतिशास्त्राची संशोधक मुलगी उभी. खांद्याला कापडी पिशवी, हातात घडी घातलेला कागद. सहा वर्षं मी तिला तोंडओळखीनं ओळखत होतो. विद्यापीठाच्या आवारात कुठल्याही भिंतीला नाक लावून कोणी उभं दिसलं की समजायचं, हीच. ती शेवाळाचा अभ्यास करते. माळीमामानं तिचं नाव शेवाळवाली ठेवलं होतं आणि तिनंही ते हसून घेतलं होतं.

"तुझं काय?" मी विचारलं.

"शुक्रवारची व्हायवा. खुली मौखिक परीक्षा. पत्र तुमच्याकडे येऊन दहा-बारा दिवस झाले."

"आत्ता घालतो की. आज सोमवार. चार दिवस आहेत अजून."

"काका, सात दिवस लागतात."

मी शिडीवरून उतरलो. सात दिवस लागतात हे तिनं मला सांगावं, अशी वेळ आली होती. एकतीस वर्षं मी हेच काम करतो. सहा सभागृहं, त्यांच्या किल्ल्या आणि प्रवेशद्वाराजवळचा हा काळा फळा, एवढं माझं राज्य. येत्या पंधरवड्यात आवारात काय काय आहे ते दर सोमवारी फळ्यावर लिहायचं. व्याख्यानं, चर्चासत्रं, नाटकं, गाण्याच्या स्पर्धा, पुस्तकांची प्रदर्शनं. दोरी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोन टोकांना ताणायची आणि मधून उचलून फटकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. संगणकावर सगळं असतं, फोनवर जातं, पण खुल्या परीक्षेची सूचना या फळ्यावर सात दिवस आधी लागलीच पाहिजे, असा जुना नियम आहे. ती लागली होती असा दाखला मी सही करून देतो. त्याशिवाय परीक्षा धरत नाहीत.

"गेल्या वर्षी एकाची रद्द केली होती," ती म्हणाली. "पाच दिवसच लागली होती म्हणून."

"मला माहीत आहे."

"बाहेरचे परीक्षक गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलून येतायत. ही तारीख गेली तर पुढं चार महिने ते येऊ शकत नाहीत. आणि मला पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय. निकालाचा कागद नसेल तर ते दुसऱ्या कोणाला घेतील. तसं त्यांनी लिहूनच दिलंय." आवाज वर जायला लागला तशी ती थांबली. "सॉरी काका. तुमच्यावर ओरडत नाहीये."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

ऑफिसात आलो. तिचं पत्र माझ्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये सगळ्यात वर होतं. हरवलं नव्हतं, कशाखाली गेलं नव्हतं. आमचा शिपाई पहिलवान (अंगानं काडी, म्हणून हे नाव) चहा घेऊन आला आणि गोष्ट कळल्यावर खुर्ची ओढून बसला.

"यात रडण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. "आत्ता लिहा, आणि दाखल्यावर गेल्या सोमवारची तारीख टाका. फळ्याचा फोटो काय कोणी देवघरात लावलाय?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. कप दोन्ही हातांत धरून त्यात बघत राहिली. नको, असंही म्हणाली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो नसतो.

"आणि उद्या कोणी तक्रार केली तर?" मी म्हटलं. "हिची पदवी काढून घेतील. माझं काय, चार महिन्यांत मी घरी."

"कोण करतंय तक्रार शेवाळावर?"

"पहिलवान, तू चहा पी."

मग ती आपणहून बोलायला लागली. माणूस घाबरलं की भलतंच काहीतरी बोलतं, तसं. "माझं पहिलं सादरीकरण होतं ना, चार वर्षांपूर्वी, तेव्हा विभागातले सोडून कोणी आलं नव्हतं. फक्त मागच्या रांगेत चार-पाच बायका येऊन बसल्या होत्या. त्यातल्या एका मावशींनी हात वर केला. म्हणाल्या, बाई, हे शेवाळ मरतं कधी? सगळे हसले. पण काका, मला उत्तर येत नव्हतं. माझा सगळा प्रबंध त्यावरच उभा राहिला. त्यांना बोलवायचं होतं शुक्रवारी. पण हल्ली त्या कुठं दिसतच नाहीत."

"कशा होत्या दिसायला?"

"चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. निळा दोरा."

पहिलवान उठून कप गोळा करायला लागला. मुलीच्या हातातला अर्धा भरलेला कपही त्यानं घेतला.

"ती माझी बायको," मी म्हटलं. "सात महिने झाले तिला जाऊन. अकरा दिवसांचा ताप."

आता सांगायलाच हवं. माझी बायको सातवीपर्यंत शिकलेली. विद्यापीठाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की पहिल्या मजल्यावर गणवेश शिवायचा कारखाना आहे, तिथं ती मशीनवर होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती एकदा छत्री घरी विसरून गेली. फोन वगैरे काही नव्हते. मी फळ्याच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखून लिहिलं, "छत्री ऑफिसात आहे." तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावून झाडलं. हा फळा म्हणजे तुमच्या घरचं दार नव्हे, म्हणाले. मी छत्री पुसली, पण चौकट पुसायचं मन होईना. मग पुढच्या सोमवारपासून त्या चौकटीत मी यादीतलाच एक कार्यक्रम परत लिहायला लागलो. तिनं ज्याला जावं असं मला वाटेल तो. बघणाऱ्याला वाटे, हा काहीतरी महत्त्वाचा कार्यक्रम असेल. सर्वांना प्रवेश मुक्त असंच वर लिहिलेलं असतं, आणि ती खरंच जायची. ग्रहणावर गेली, पूल बांधण्यावर गेली, कुठल्या तरी मेलेल्या भाषेवर गेली. मी दार उघडून द्यायचो आणि पुढच्या सभागृहाकडे जायचो. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मला सगळं सांगायची. एकतीस वर्षांत एकही व्याख्यान मी आत बसून ऐकलं नाही. गरजच पडली नाही.

ती गेल्यावर त्या कोपऱ्यात मी काही लिहिलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण गेल्या सोमवारी यादी लांबली. महोत्सवाचा पंधरवडा. शेवाळवालीचं पत्र उशिरा आलेलं, म्हणून शेवटचं. तिथवर पोचलो तर फळ्यावर जागा उरली होती ती तेवढीच. पत्र हातात होतं, जागा समोर होती. मी म्हटलं, उद्या वरच्या ओळी बारीक करून हे वर बसवू. आणि शिडी उचलून आत आलो. उद्या करू म्हटलेलं काम आणि रांजणातलं पाणी, दोन्ही न सांगता आटतात.

तेवढं त्या मुलीला मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुलसचिवांकडे जायचं का, काका? मी येते बरोबर."

"तू बाहेर थांब," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

कुलसचिव साहेब म्हणजे कोरडा माणूस. त्यांच्या टेबलावर कधी दोन कागद एकदम दिसायचे नाहीत. त्यांनी पत्र वाचलं, तारीख बघितली, आणि पेन उघडलं.

"सूचना का लागली नाही? नजरचूक लिहू?"

"नजर चुकली नाही, साहेब."

"मग?"

मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. छत्रीपासून सगळं सांगितलं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. पेन उघडंच.

"हे मी फायलीत लिहू शकत नाही," ते म्हणाले.

"जागा होती, लिहिलं नाही, एवढंच लिहा."

"तुम्हाला ताकीद द्यावी लागेल. सेवापुस्तकात नोंद होईल. निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने. द्या साहेब. पण मुलीची परीक्षा जाऊ नये."

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं. मग म्हणाले, "मुदत कमी पडली तर माफ करायचा अधिकार मला आहे. पण कशाच्या आधारावर करू? हा नियम कशासाठी आहे? ज्याला यायचं त्याला कळावं म्हणून. तर असं करू. शुक्रवारी मी स्वतः येतो. विभागाबाहेरची दहा माणसं तिथं बसलेली दिसली, तर सूचना लोकांपर्यंत पोचली असं मी लिहीन. आपल्या ऑफिसातली चालणार नाहीत. आणि शेवटपर्यंत बसली पाहिजेत. अर्ध्यातून उठलेला माणूस मी धरणार नाही."

"दहा?"

"गेल्या महिन्यात पाणीवाटपाच्या व्याख्यानाला किती होते?"

"चार. त्यात एक चुकून आलेला."

"तर मग कामाला लागा," साहेब म्हणाले.

बाहेर मुलीला सांगितलं. ती एकदा हसली, मग तिचं तोंड उतरलं. "शुक्रवारी दहापासून मोठ्या सभागृहात गाण्याची प्राथमिक फेरी आहे, काका. शेवाळ ऐकायला कोण येणार?"

तेही मीच लिहिलं होतं फळ्यावर. सुंदर अक्षरात.

तिची सूचना मी वरच्या ओळी पुसून, बारीक करून, मधे बसवली. मग मंगळवार आणि बुधवार आम्ही दोघं आवारभर हिंडलो. एकतीस वर्षं लोक माझ्याकडे येत आले, सभागृह द्या म्हणून. आता मी लोकांकडे जात होतो. कँटीनवाला म्हणाला, अकराला माझी कढई तापलेली असते. पंपावरचा ऑपरेटर म्हणाला, शुक्रवारी टाकी धुवायची आहे, शेवाळच काढायचंय, दोन्हीकडं कसा असेन? ग्रंथालयातल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"शेवाळावर? दोन तास?"

"दीड, बाई."

"माझ्या मोरीत या. फुकट दाखवते."

"बाई, परीक्षा आहे पोरीची."

"विणकाम आणलेलं चालेल?"

"साहेबांनी फक्त बसा म्हटलंय. हातांचं काही बोलले नाहीत."

"मग येते."

माळीमामा तर वाटच बघत होता. "येणार. पण ऐकायला नाही, भांडायला येणार. वीस वर्षं मी भिंती खरवडतोय आणि सहा वर्षं ही माझ्या मागं, मामा इथलं नको, मामा तिथलं नको. एकदाचा सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष होऊ दे."

"भांडा," मुलगी म्हणाली. "पण शेवटपर्यंत बसून भांडा."

गणिताचे निवृत्त प्राध्यापक न बोलावता येणारच होते. ते सगळीकडे येतात आणि दहाव्या मिनिटाला झोपतात. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे तिघं झाले. एक विणणारी, एक भांडणारा, एक झोपणारा.

"सात कमी," मुलगी म्हणाली. आम्ही फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो. "काका, मावशींबरोबरच्या त्या बायका कोण होत्या?"

मला माहीत होतं. कारखान्यातल्या होत्या. बायको त्यांना ओढून आणते असं मला वाटायचं. पण त्या जिन्यानं मी सात महिन्यांत वर गेलो नव्हतो. तिचा डबा आणि चप्पल आणायलासुद्धा पहिलवानाला पाठवलं होतं.

गुरुवारी सकाळी गेलो. जिना तसाच, कापडाचा आणि तेलाचा वास तसाच. वर पाच मशीन एकदम चालत होत्या, मला बघून एकेक करून थांबल्या. तिच्या मशीनवर एक नवी बाई होती. ती गडबडून उठायला लागली.

"बसा, बसा," मी म्हटलं.

मुकादमबाई पुढं आल्या. जाडजूड, गळ्यात टेप. माझ्या बायकोच्या बरोबरीच्या. "या भाऊ. आलात एकदाचे. पाणी दे गं त्यांना. खुर्ची पुस आधी, धागे लागतील."

मी बसलो. पाणी प्यायलो. मग शेवाळ, परीक्षा, सात दिवस, दहा माणसं, सगळं सांगितलं. कोपऱ्याचंही सांगितलं, कारण ते गाळून पुढं जाता येईना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"भाऊ," मुकादमबाई म्हणाल्या, "जरा इकडं या."

त्यांनी मला खिडकीशी नेलं. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे फाटक, फाटकाजवळ झाड. झाडाच्या फांद्या माझ्या फळ्यावर आल्या होत्या. इथून फळा दिसतच नव्हता. दिसत होता फक्त खालचा उजवा कोपरा.

"सगळा फळा ताई वाचायच्या, येताना," त्या म्हणाल्या. "आम्हाला कुठला वेळ? आम्ही सोमवारी इथून बघायचो. तुम्ही शिडी हलवलीत की आमच्यातली एक डोकवायची. काय आलं गं कोपऱ्यात? ते आलं की ठरायचं. जायचं की नाही यावरून भांडणं व्हायची."

"मला वाटायचं ती तुम्हाला ओढून आणते."

"आम्हाला? अहो, पुलांच्या व्याख्यानाला त्या नको म्हणत होत्या. आम्ही त्यांना ओढलं होतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "आणि त्या मेलेल्या भाषेला मी रडले होते. आठवतं का?"

"तू नाटकालाही रडतेस, लग्नालाही रडतेस. तुझं काय धरायचं?"

हसल्या सगळ्या. मी अजून खिडकीशीच होतो. "सात महिने तुम्ही इथून रिकामा कोपरा बघताय?"

"दर सोमवारी."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

मुकादमबाईंनी गळ्यातला टेप काढून हाताला गुंडाळला. "काय बोलणार, भाऊ? तुम्ही म्हणाला असता, माझं माणूस गेलंय आणि यांना व्याख्यानं सुचतायत. रिकामा दिसला की आम्हाला कळायचं, अजून नाही. मग आम्ही मशीन चालू करायचो."

मी पुन्हा खिडकीतून खाली बघितलं. त्या थांबल्या नाहीत. कामाचं माणूस.

"किती वाजता म्हणालात उद्या?"

"अकरा. तीन नंबरचं सभागृह. पण दीड तास बसावं लागेल."

"मालकाला सांगते वीज गेली."

"त्याचं घर खालीच आहे," नवी बाई म्हणाली. "त्याचीही जायला पाहिजे."

"मग दुपारची सुट्टी आधी घेऊ. संध्याकाळी थांबू थोडं. पाच जणी येऊ, तिघी मशीन चालू ठेवतील, म्हणजे आवाज येत राहील. पण भाऊ, तोंडी निरोपावर आमचं जमत नाही. दोघी आज आलेल्या नाहीत, त्यांना कोण सांगणार? उद्या सकाळी तिथं लिहा. येताना वाचतील."

"कोपऱ्यात?"

"दुसरं काय दिसतं आम्हाला?"

शुक्रवारी सकाळी मी साडेसातला फळ्यापाशी गेलो. शिडी लागत नव्हती, कोपरा खालचा आहे, बसूनच लिहावं लागतं. चौकटीच्या रेघा अजून होत्या, अंधुक. त्यांच्यावरून दोरी न लावता हातानं खडू फिरवला. मग लिहिलं: आज सकाळी ११. सभागृह ३. शेवाळ. सर्वांना प्रवेश मुक्त. पहिला शब्द वाकडा आला. तसाच ठेवला. उठताना गुडघ्याला खडू लागला होता तो झटकला, आणि वर बघितलं. खिडकीत कोणीतरी हात हलवला, पण कोण ते ओळखू आलं नाही.

अकराला पाच कमी असताना सभागृहात पुढं परीक्षक बसले होते. बाहेरून आलेले म्हातारे प्राध्यापक, पाय सरळ लांब केलेला. विभागातले आठ-दहा. कुलसचिव साहेब एका बाजूला, हातात कोरा कागद. ग्रंथालयातल्या बाई लोकरीसकट हजर. माळीमामा धुतलेल्या शर्टात. गणिताचे सर कोपऱ्यातल्या पंख्याखाली. मोठ्या सभागृहातून गाण्याचा आवाज येत होता, आणि पहिल्या फेरीत बाहेर पडलेल्या दोन गाणाऱ्या मुली तोंड लपवायला जागा शोधत आमच्याकडं शिरल्या होत्या. मी मोजलं. पाच.

अकरा वाजले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मुलगी व्यासपीठावर उभी होती, हातात एक कागदी पाकीट, आणि माझ्याकडे बघत होती. मी दाराकडे.

अकरा वाजून दोन मिनिटांनी जिन्यावर चपला वाजल्या. पाच नाही, सहा आल्या. नवी बाईही आली. "तिघींऐवजी दोघी चालवतील," मुकादमबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. "नवीला बघायचंच होतं." सगळ्याजणी सवयीनं थेट शेवटच्या रांगेकडे गेल्या आणि बसल्या. भिंतीकडची पहिली खुर्ची सोडून बसल्या. नवी बाई तिथं बसायला गेली तर एकीनं तिला दंडाला धरून अलीकडे घेतलं.

मी दारातच होतो. मुकादमबाईंनी मला हातानं बोलावलं, लहान मुलाला बोलवावं तसं. त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारची त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. मी बसलो.

मुलगी बोलायला लागली. पहिली दहा मिनिटं मला काही कळलं नाही, ती भलतेच शब्द वापरत होती. मग गाडी रुळावर आली. शेवाळ सुकतं, तपकिरी होतं, चुरा होतो, आणि आपण म्हणतो मेलं. पण त्यातलं बरंचसं मेलेलं नसतं. थांबलेलं असतं. किती दिवस थांबू शकतं, तेच तिनं चार वर्षं शोधलं होतं.

मधेच दार उघडलं. गाण्यातल्या एका मुलीला कोणीतरी खुणेनं बोलावलं, तिला दुसऱ्या फेरीत घेतलं होतं म्हणे. ती मैत्रिणीला मिठी मारून पळाली. साहेबांनी कागदावर एक रेघ मारली. मी पुन्हा मोजलं. दहा. त्यात गणिताचे सर, आणि ते झोपलेले. साहेब त्यांच्याकडेच बघत होते. झोपलेला माणूस धरतात की नाही, याबद्दल आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

माळीमामानं हळूच त्यांची खुर्ची हलवली. सरांनी कूस बदलली.

तेवढ्यात मुलीनं पाकीट उघडलं. आतून वाळक्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी काढून काचेच्या बशीत ठेवलं. चार वर्षांपूर्वी वाळवून ठेवलेलं, म्हणाली. वर कॅमेरा होता, तो चोथा पडद्यावर मोठा दिसायला लागला. तिनं त्यावर थेंब थेंब पाणी सोडलं आणि गप्प उभी राहिली. सगळे बघत होते. आधी काहीच होईना. मग एक टोक हललं. मग सगळंच उलगडायला लागलं, पानं एकेक करून बाजूला होत गेली, आणि दोनेक मिनिटांत बशीत हिरवं काहीतरी होतं.

"आई गं," नवी बाई मोठ्यानं म्हणाली.

त्यानं गणिताचे सर जागे झाले. "किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं. "मोजलं का कोणी?" साहेबांनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा माळीमामा उठला. "म्हणजे मी खरवडून टाकतो ते पण मरत नाही?"

"बरंचसं नाही, मामा."

"म्हणजे वीस वर्षं मी ते फक्त इकडून तिकडं नेतोय?"

"हो."

मामा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आधी सांगायचं नाही का?" सगळं सभागृह हसलं, बाहेरचे परीक्षकही. माझ्या शेजारी रिकामी खुर्ची होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. पण हसताना माझा हात तिच्या दांडीवर होता, हे मला नंतर कळलं.

परीक्षक शेजारच्या खोलीत गेले. दुपारची सुट्टी केव्हाच संपली होती, तरी बायका उठल्या नाहीत. "निकाल कळल्याशिवाय गेलो तर दिवसभर टाका सरळ येणार नाही," मुकादमबाई म्हणाल्या. मुलगी आमच्या रांगेपर्यंत आली आणि उभी राहिली. मुकादमबाईंनी तिच्या कुडत्याची बाही धरून उलटी केली, शिवण बघितली.

"कोणी शिवलंय हे? मशीनला तेल नव्हतं वाटतं."

"विकतचं आहे, मावशी."

"ते दिसतंच आहे. नोकरीला जाण्याआधी वर ये. नीट करून देते."

दार उघडलं. म्हातारे परीक्षक काठी टेकत बाहेर आले, मुलीसमोर थांबले आणि तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गणिताचे सर सगळ्यांत जास्त वेळ वाजवत राहिले. साहेब जाताना माझ्यापाशी थांबले.

"दहा," ते म्हणाले. "मुदत माफ. ताकीद सोमवारी मिळेल."

"हो साहेब."

"सही करून प्रत ठेवा तुमच्याकडे." आणि गेले.

बायका जिन्याकडे धावल्या. मुकादमबाई मागे राहिल्या, चप्पल घालत. "पुढच्या आठवड्यात काय आहे, भाऊ?"

"मंगळवारी जुन्या नकाशांवर व्याख्यान आहे. बुधवारी नाटक."

"नाटक रडकं आहे का?"

"माहीत नाही."

"मग नकाशेच बरे. किती वाजता?"

"चार."

"चारला कापड येतं." त्यांनी विचार केला. "बघू. साडेतीनला कोणाच्या तरी बोटात सुई जाईल." दोन पायऱ्या उतरून त्या वळल्या. "तुम्ही आत बसणार की दारात?"

"दार मलाच उघडायचं आहे."

"उघडल्यावर विचारतेय."

"माझी जागा धरा," मी म्हटलं. "भिंतीकडची सोडून."

"ती सोडूनच," त्या म्हणाल्या, आणि धावतच खाली गेल्या.